प्रमाणित नमुन्याची सव्वाशे वर्षे

अमेरिकेच्या काँग्रेसने ३ मार्च १९०१ रोजी ‘नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’ या संस्थेच्या स्थापनेचा कायदा संमत केला. २०२६ साली त्या कायद्याला सव्वाशे वर्षे पूर्ण होतात. १९८८ पासून ही संस्था ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’, म्हणजेच ‘निस्ट’, या नावाने ओळखली जाते. लांबी, वस्तुमान आणि काळ यांची मानके सांभाळणारी संस्था म्हणून तिचा जगभर लौकिक आहे. तिचे एक काम मात्र त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहे आणि ते तर घराघरातल्या स्वयंपाकघराशी आणि मुलांच्या खेळण्यांशी जोडलेले आहे. ते काम म्हणजे प्रमाणित संदर्भद्रव्ये तयार करणे. मापनशास्त्राचा गौरव करणाऱ्या या स्मरणिकेत त्या कामाची वाटचाल नोंदवून ठेवणे अगत्याचे वाटते.

खेळण्याच्या रंगात शिसे किती, तांदळात आर्सेनिक किती, माशात पारा किती, हे प्रयोगशाळा सांगते. पण तिने सांगितलेला आकडा बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे? नमुना आम्लात विरघळवताना काही अंश मागे राहू शकतो. भांड्यातले, आम्लातले किंवा हवेतल्या धुळीतले शिसे त्यात मिसळू शकते. यंत्र तरीही आकडा दाखवतेच. अशा वेळी खात्रीचा उपाय एकच असतो. ज्यातले प्रमाण आधीच पक्के माहीत आहे असा, तपासायच्या वस्तूशी मिळताजुळता पदार्थ घ्यायचा आणि तो त्याच पद्धतीने, त्याच यंत्रावर, त्याच दिवशी तपासायचा. त्याचे उत्तर जुळले तरच ग्राहकाच्या नमुन्याचे उत्तर विश्वासाने देता येते. हा पक्का माहीत असलेला पदार्थ म्हणजे संदर्भद्रव्य. त्यासोबत मूल्य, त्या मूल्यातली अनिश्चितता आणि ते मूल्य कसे ठरवले याची हकिकत सांगणारे प्रमाणपत्र असले, की ते प्रमाणित संदर्भद्रव्य ठरते.

ओतीव लोखंडापासून सुरुवात

संस्थेचे पहिले संचालक शिकागो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ सॅम्युअल वेस्ली स्ट्रॅटन. उद्योगांना रोज लागणारी मोजमापे विश्वासार्ह करून देणे हे संस्थेचे काम आहे, अशी त्यांची धारणा होती. १९०५ साली अमेरिकेतल्या ओतकाम व्यावसायिकांची संघटना त्यांच्याकडे आली. एकाच लोखंडाचे पृथक्करण दोन कारखान्यांत केले, की कार्बन, सिलिकॉन, गंधक आणि फॉस्फरस यांचे आकडे वेगवेगळे निघत आणि त्यावरून खरेदीदार व विक्रेता यांच्यात वाद होत. संघटना स्वतःच प्रमाणित लोखंडाचे नमुने वाटत असे. ही जबाबदारी तटस्थ सरकारी संस्थेने घ्यावी, अशी तिची मागणी होती. संस्थेने ती मान्य केली आणि १९०६ साली ओतीव लोखंडाचे पहिले नमुने वितरित झाले. तेव्हा त्यांना ‘प्रमाण नमुने’ म्हणत.

रसायन विभागाचे पहिले प्रमुख विल्यम आल्बर्ट नॉयस होते. १९०८ साली त्यांच्या जागी विल्यम फ्रान्सिस हिलब्रँड आले. खडकांच्या पृथक्करणात त्यांचे नाव आदराने घेतले जाई. रसायनशास्त्रज्ञाने आपल्या आकड्यावर आधी स्वतः संशय घ्यायला हवा, ही शिस्त त्यांच्या काळात संस्थेत रुजली. लोखंड आणि पोलादापाठोपाठ चुनखडी, मिश्रधातू आणि खनिजे यांचे नमुने आले. उष्मांक मोजण्याच्या उपकरणासाठी बेंझोइक आम्ल आले आणि साखरेची शुद्धता ठरवण्यासाठी शुद्ध शर्करेचा नमुना आला. आयात साखरेवरचा कर तिच्या शुद्धतेवर अवलंबून होता. त्यामुळे साखरेचे अचूक मापन हा सरकारी तिजोरीचाही प्रश्न होता.

अमेरिकेतला शुद्ध अन्न व औषध कायदाही १९०६ सालचाच. भेसळीला कायद्याने बंदी झाली, पण अन्नातले हानिकारक अंश खात्रीने मोजण्यासाठी लागणारी संदर्भद्रव्ये यायला आणखी साठाहून अधिक वर्षे जावी लागली. लोखंडात घटक टक्क्यांत असतात, तर अन्नातली विषे दशलक्षात किंवा अब्जात एखादा भाग इतकी अल्प असतात. त्यासाठी नवी यंत्रे आणि नवी शिस्त लागणार होती.

बागेतली पाने आणि गाईचे यकृत

१९६० च्या दशकात संस्थेचे बिऱ्हाड वॉशिंग्टन शहरातून मेरिलँड राज्यातल्या गेथर्सबर्गच्या प्रशस्त आवारात हलले. त्याच सुमारास प्रमाण नमुन्यांना ‘स्टँडर्ड रेफरन्स मटेरिअल’ हे नाव मिळाले. पृथक्करण रसायनाची सूत्रे वेन माइन्के यांच्याकडे आली आणि या कामासाठी स्वतंत्र कार्यालय उभे राहिले. १९६७ साली कोलेस्टेरॉलचे संदर्भद्रव्य निघाले आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळांशी संस्थेचे नाते जुळले.

सजीवांपासून मिळणाऱ्या पदार्थांची वाट इंग्लंडमध्ये आधीच पडली होती. रेडिंग विद्यापीठातले एच. जे. एम. बोवेन यांनी केल नावाच्या पालेभाजीची भुकटी करून जगभरच्या प्रयोगशाळांना वाटली. एकाच भुकटीचे आकडे किती वेगवेगळे येतात, हे त्यातून उघड झाले. गेथर्सबर्गच्या शास्त्रज्ञांनी हे काम प्रमाणपत्रापर्यंत नेले. १९७१ साली फळबागेतल्या पानांची भुकटी १५७१ या क्रमांकाने निघाली आणि पुढच्याच वर्षी गाईच्या यकृताची भुकटी १५७७ या क्रमांकाने आली. पानांमध्ये शिसे दर ग्रॅमला ४५ मायक्रोग्रॅम होते, यकृतात ०.३४ मायक्रोग्रॅम. पहिला आकडा काढणे अनेक प्रयोगशाळांना जमले. दुसऱ्यापाशी मात्र भल्याभल्यांची कसोटी लागली.

या दोन भुकट्यांनी पर्यावरण आणि अन्न यांच्या तपासणीचा पाया घातला.  १९९१ साली सफरचंदाच्या झाडाची पाने आली, क्रमांक १५१५. त्यांतले शिसे दर ग्रॅमला ०.४७० मायक्रोग्रॅम, म्हणजे आधीच्या पानांच्या जवळजवळ शंभरावा हिस्सा. 

शिशाने शिकवलेला धडा

दूषकांच्या मापनाचा विचार बदलून टाकण्यात कॅल्टेकचे भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांचा मोठा वाटा आहे. पृथ्वीचे वय ठरवताना त्यांना दिसले, की प्रयोगशाळेत सगळीकडे शिसे पसरलेले आहे आणि ते नमुन्यात शिरून आकडे फुगवते. १९८० साली डोरोथी सेटल आणि पॅटरसन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्यूना माशावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताज्या माशाच्या स्नायूत शिसे दर ग्रॅमला फक्त ०.३ नॅनोग्रॅम होते. इतरत्र अशाच माशासाठी ४०० नॅनोग्रॅम असा आकडा दिला गेला होता. शिशाचे डाख असलेल्या डब्यातल्या माशात तर १,४०० नॅनोग्रॅम शिसे सापडले. ताज्या माशाचा आकडा हजारपटीहून अधिक फुगवला, की डब्यातल्या माशाशी तुलना करताना डब्याचा दोष झाकला जातो. चुकीचे मापन ग्राहकाचे किती नुकसान करते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

नमुना दूषित होऊ न देण्याच्या शिस्तीची तयारी संस्थेत आधीपासून सुरू होती. उत्कलनबिंदूच्या खाली राहून आम्लांचे ऊर्ध्वपातन करण्याची पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. त्यामुळे अतिशुद्ध आम्ले मिळू लागली. धूळविरहित हवेच्या खोल्या उभ्या राहिल्या. शिशाच्या समस्थानिकांचे प्रमाण सांगणारे ९८१ क्रमांकाचे संदर्भद्रव्य तर जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरले जाते.

याच काळात लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाबद्दलची मर्यादा उतरत होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कृतीसाठी धरलेली पातळी १९८५ साली दर डेसिलिटरला २५ मायक्रोग्रॅम होती. १९९१ साली ती १० वर, २०१२ साली ५ वर आणि २०२१ साली ३.५ वर आली. मर्यादा खाली आली, की त्या पातळीवर अचूक मोजता येणेही भाग असते. रक्तातल्या शिशाचे संदर्भद्रव्य संस्थेने पुन्हा पुन्हा नव्याने केले ते याच गरजेतून.

ताटातले अन्न

१९९० साली अमेरिकेत पोषणमाहितीच्या लेबलांचा कायदा आला. पाकिटावर छापलेली प्रथिने, स्निग्धांश आणि जीवनसत्त्वे खरी आहेत का, हे तपासण्यासाठी अन्नाची संदर्भद्रव्ये हवी होती. पण जगातल्या प्रत्येक पदार्थाचे वेगळे संदर्भद्रव्य करणे शक्य नाही. त्यावर शास्त्रज्ञांनी एक त्रिकोण योजला. त्याच्या तीन टोकांना स्निग्ध, प्रथिन आणि कर्बोदक ठेवले आणि आतल्या जागेचे नऊ भाग केले. प्रत्येक भागासाठी एखादे संदर्भद्रव्य असले, की त्या भागात बसणाऱ्या सर्व पदार्थांना ते उपयोगी पडते. या विचारातून लहान मुलांच्या आहाराचे मिश्रण, बेकिंग चॉकलेट, पालकाचा लगदा, मांसाचा लगदा आणि दुधाची भुकटी अशी मालिका उभी राहिली. २३८७ क्रमांकाचे शेंगदाण्याचे लोणी तर वृत्तपत्रांतही गाजले, कारण त्याच्या तीन बरण्यांची किंमत हजार डॉलरच्या घरात होती. ते लोणी खाण्यासाठी नाही. त्यामागे अनेक तज्ज्ञांचे श्रम आहेत आणि किंमत त्या श्रमांची आहे.

दूषकांच्या बाजूनेही काम वाढत गेले. बॉस्टनजवळच्या खाडीतल्या शिंपल्यांपासून आणि सुपीरियर व मिशिगन या सरोवरांतल्या माशांपासून संदर्भद्रव्ये झाली. त्यांत कीटकनाशके, पीसीबी ही औद्योगिक रसायने आणि मिथिल पारा यांची मूल्ये दिलेली असतात. आपल्याला जवळचे वाटेल असे संदर्भद्रव्य म्हणजे तांदळाचे पीठ. त्याच्या १५६८बी या आवृत्तीत एकूण आर्सेनिक दर किलोला ०.२८५ मिलीग्रॅम आहे. त्यातले अधिक विषारी असे असेंद्रिय आर्सेनिक ०.०९२ मिलीग्रॅम आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली बाळांच्या तांदळाच्या पेजेसाठी असेंद्रिय आर्सेनिकची पातळी दर किलोला ०.१ मिलीग्रॅम ठरवली. संदर्भद्रव्यातले मूल्य त्या रेषेच्या अगदी लगत आहे. माल पास करायचा की परत पाठवायचा हा निर्णय नेमका त्याच रेषेवर होतो, म्हणून प्रयोगशाळेला आपली अचूकता तिथेच तपासता आली पाहिजे.

खेळणी, रंग आणि प्लास्टिक

२००७ साली अमेरिकेत शिसेयुक्त रंगामुळे लाखो खेळणी बाजारातून परत मागवावी लागली. आईबापांमध्ये संताप उसळला आणि १४ ऑगस्ट २००८ रोजी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा कायदा झाला. रंगातल्या शिशाची मर्यादा ६०० पीपीएमवरून (म्हणजे दशलक्षात ६०० भागांवरून) ९० पीपीएमवर आली आणि वर्षभराने ती लागू झाली. तीन थॅलेटांवर, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांवर, ०.१ टक्क्याची मर्यादा आली. मुलांच्या वस्तूंची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून करून घेणे सक्तीचे झाले.

कायदा एका सहीने लागू होतो, मापनाची तयारी मात्र त्याआधी असावी लागते. खेळण्यावरचा रंग म्हणजे कागदाहून पातळ थर, आणि तो खरवडून विरघळवताना चुका होतात. निस्टने २५६९ क्रमांकाचे संदर्भद्रव्य तयार केले. त्यात पातळ पट्ट्यांवर रंगाचे थर आहेत. एकात शिसे नाही, एकात ते नव्या मर्यादेच्या आसपास आहे आणि एकात त्याहून जास्त. पीव्हीसी प्लास्टिकमधल्या थॅलेटांसाठी २८६० क्रमांकाचे आणि प्लास्टिकमधल्या निर्बंधित मूलद्रव्यांसाठी आणखी संदर्भद्रव्ये आली. खेळणी बनवणारा कारखाना एका खंडात आणि ती विकणारे दुकान दुसऱ्या खंडात असले, तरी दोन्हीकडची प्रयोगशाळा एकाच पट्टीवर आपले यंत्र ताडून पाहू शकते.

एक संदर्भद्रव्य घडते कसे

आधी योग्य कच्चा माल निवडतात. तो सुकवतात किंवा द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठिसूळ करून दळतात, मग चाळून घोळतात, बाटल्यांत भरतात आणि बऱ्याचदा कोबाल्ट-६० च्या किरणांनी निर्जंतुक करतात. त्यानंतर वेगवेगळ्या बाटल्यांतून नमुने काढून सर्वत्र सारखेपणा आहे का, हे पाहतात. पहिल्या बाटलीतले शिसे आणि हजाराव्या बाटलीतले शिसे सारखे नसेल, तर पुढच्या सगळ्या श्रमांना अर्थ उरत नाही. साठवणीत मूल्य टिकते का, याची परीक्षा वर्षानुवर्षे चालू राहते.

मूल्य ठरवताना सहसा एकाच पद्धतीवर भरवसा ठेवत नाहीत. एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या दोन पद्धती जुळल्या पाहिजेत, असा जुना दंडक आहे. त्यांतली अग्रगण्य पद्धत समस्थानिक विरलनाची. ज्वारीच्या पोत्यात मोजून रंगवलेले दाणे टाकावेत, पोते नीट घोळावे आणि मूठभर दाण्यांत रंगीत किती, साधे किती यावरून पोत्यातल्या एकूण दाण्यांचा हिशेब काढावा, तशी ही रीत आहे. रंगीत दाण्यांऐवजी त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू मोजून मिसळतात. सगळे नीट एकजीव झाले, की पुढे नमुन्याचा काही भाग वाया गेला तरी हिशेब चुकत नाही, कारण मोजायचे असते ते गुणोत्तर.

शेवटी प्रमाणपत्र तयार होते. त्यावर मूल्याच्या पुढे अनिश्चितता, नमुना किमान किती घ्यायचा, कोरडे वजन कसे काढायचे आणि मुदत कधी संपते, हे सारे लिहिलेले असते. साठा संपला, की त्याच क्रमांकापुढे ए, बी, सी लावून नवा साठा करतात आणि सगळी परीक्षा पहिल्यापासून पुन्हा देतात. आज निस्टच्या सूचीत हजाराहून अधिक संदर्भद्रव्ये आहेत.

जगाची साथ

हे काम एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. युरोपीय समुदायाने १९७३ साली आपला संदर्भ विभाग सुरू केला आणि बेल्जियममधल्या गील येथेही या कामाचे मोठे केंद्र आहे. बर्लिनची बीएएम ही संस्था, कॅनडाची राष्ट्रीय संशोधन परिषद, जपानमधल्या संस्था आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांनीही मोलाची संदर्भद्रव्ये दिली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७५ साली या विषयासाठी समिती नेमली. संदर्भद्रव्य उत्पादकांची पात्रता सांगणारे १७०३४ क्रमांकाचे मानक २०१६ साली आले. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी पॅरिसमध्ये राष्ट्रीय मापनसंस्थांनी परस्पर मान्यतेच्या करारावर सह्या केल्या, आणि एका देशाचे मापन दुसऱ्या देशाने स्वीकारण्याचा मार्ग मोकळा झाला.

भारतात ही जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. तिच्या प्रमाणित संदर्भद्रव्यांना ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ म्हणतात.

महाराष्ट्राला आलेला अनुभव

या विषयाचे महत्त्व महाराष्ट्राने दोन प्रकरणांत जवळून पाहिले आहे. २००३ साली कीडनाशकांच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांना युरोपात अडचण आली. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकामुळे पुन्हा संकट ओढवले. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे कष्ट परदेशातल्या एका प्रयोगशाळेतल्या आकड्यापुढे हतबल झाले. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा, अपेडा ही कृषी निर्यात संस्था आणि शेतकरी यांनी मिळून या काळात अंशांवर देखरेखीची पद्धत उभारली. निर्यातीआधी तपासणी होऊ लागली आणि द्राक्षे पुन्हा सन्मानाने युरोपच्या बाजारात पोहोचली. प्रमाणित द्रव्यांवर ताडून पाहिलेला आकडा बागायतदाराच्या बाजूने साक्ष देतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

दुसरे प्रकरण २०१५ सालचे. एका कंपनीच्या नूडल्समधल्या शिशावरून देशभर वादळ उठले आणि ५ जूनला भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्यावर बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर निर्णय झाला त्यांची मान्यता हा त्या खटल्यातला कळीचा मुद्दा होता. न्यायालयाने एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या तीन प्रयोगशाळांकडून पुन्हा तपासणी करवली. ग्राहक, उत्पादक आणि शासन या तिघांचेही हित मापनाच्या विश्वासार्हतेत आहे, हे या खटल्याने देशाला दाखवून दिले.

पुढचे काम

नवी आव्हाने उभीच आहेत. २०२३ साली अमेरिकेत दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गरामुळे शेकडो मुलांच्या रक्तात शिसे गेले. त्या दालचिनीत ५,११० पीपीएमपर्यंत शिसे सापडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने बाळांच्या बहुतेक तयार आहारासाठी शिशाची पातळी अब्जात १० भाग अशी ठरवली. बांगलादेशात हळदीला लेड क्रोमेटने रंग दिल्याचे उघडकीस आले आणि हळद तर आपल्या प्रत्येक घरात रोज लागते. पीएफएएससारखी न विघटणारी रसायने पाण्यातून आणि वेष्टनांतून अन्नात येत आहेत. यांतल्या प्रत्येकासाठी खात्रीची संदर्भद्रव्ये लागणार आहेत.

सव्वाशे वर्षांचा हा इतिहास एकच गोष्ट सांगतो. कायद्यातली मर्यादा मापनाइतकीच बळकट असते, आणि मापन त्यामागच्या संदर्भद्रव्याइतकेच. म्हणून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांना, कृषी विद्यापीठांना आणि अन्नतपासणी प्रयोगशाळांना कळकळीची विनंती आहे, की सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, सोलापूरची ज्वारी आणि कोकणातली मासळी यांची प्रमाणित संदर्भद्रव्ये तयार करण्याच्या कामात त्यांनी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे. शासनाने त्यासाठी दीर्घ मुदतीचा निधी द्यावा, कारण हे काम एका वर्षाच्या प्रकल्पात बसणारे नाही. आणि तपासणी अहवाल हातात घेणाऱ्या प्रत्येक वाचकाने प्रयोगशाळेला एक प्रश्न अवश्य विचारावा: हा आकडा कोणत्या प्रमाणित संदर्भद्रव्यावर ताडून पाहिला आहे?